मॅटप्लॉटलिबवर उभी असलेली वैज्ञानिक सॉफ्टवेअर: कोकण किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबाग, दापोली, रत्नागिरी, मालवण या पट्ट्यात पाऊस, भरती-ओहोटी, मासळी, खारफुटी, चुंबकीय नोंदी अशा विषयांवर काम करणारे विद्यार्थी आणि शिक्षक आता पायथन या प्रोग्रामिंग भाषेकडे वळू लागले आहेत. त्यांचे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात. कुणाचा नकाशा बिघडलेला असतो, कुणाचा कोड गेल्या वर्षी चालत होता आणि आज चालत नाही, कुणाला मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. खोलात गेलं की बहुतेक वेळा वाट एकाच लायब्ररीपाशी (तयार कोडच्या संचापाशी) पोचते, ती म्हणजे पायथनमध्ये आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब. मोजलेली गोष्ट माणसाच्या डोळ्यांपर्यंत आलेखातून पोचते. तिथे चूक झाली तर आधीची सगळी मोजमापं चुकीची वाचली जातात. म्हणून इथे काही उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

मी पांडाज आणि एक्सॲरे ही माहिती हाताळणारी पॅकेजं वापरतो. मॅटप्लॉटलिब कधी उघडलंसुद्धा नाही. मग मला त्याची माहिती कशाला हवी?

तुम्ही उघडलं नसेल, पण ते तुमच्यासाठी रोज काम करत असतं. पांडाजच्या तक्त्याला 'प्लॉट' सांगितलं की रेघ मॅटप्लॉटलिब ओढतं. एक्सॲरेचंही तेच. सीबॉर्न तर पूर्णपणे त्याच्यावर बांधलेलं आहे. कार्टोपी नकाशे काढतं ते मॅटप्लॉटलिबच्याच आलेखाच्या चौकटीला ('ॲक्सेस') नकाशाचे प्रक्षेप शिकवून. हवामानासाठीचं मेटपाय, रडारसाठीचं पाय-आर्ट, भूकंपाच्या नोंदींसाठीचं ऑब्सपाय, गुरुत्वीय लहरींसाठीचं जीडब्ल्यूपाय ही सगळी त्याच्याच आधाराने उभी आहेत. १० एप्रिल २०१९ रोजी एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं, त्यामागच्या सॉफ्टवेअरच्या यादीतही मॅटप्लॉटलिब होतं.

याचा व्यवहारातला उपयोग असा. पांडाज किंवा एक्सॲरेची आलेखाची आज्ञा बहुधा मॅटप्लॉटलिबची एखादी वस्तू परत देते आणि तिच्यावरून आलेखाच्या चौकटीपर्यंत पोचता येतं. अक्षाचं नाव, खुणांमधलं अंतर, रंगपट्टीची जागा हे पांडाजच्या मदतपानांत शोधत बसू नका. ती चौकट हातात घ्या आणि मॅटप्लॉटलिबच्या आज्ञा थेट तिच्यावर चालवा. हे एकदा कळलं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

ही लायब्ररी बनवली कुणी? मालक कोण?

जॉन हंटर या अमेरिकन मज्जाशास्त्रज्ञाने. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत पाहण्यासाठी त्यांना मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरसारखे आलेख पायथनमध्ये हवे होते. पहिली आवृत्ती २००३ मध्ये बाहेर पडली. २८ ऑगस्ट २०१२ रोजी, कर्करोगावरच्या उपचारांतून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे हंटर गेले. त्यानंतर जगभरातल्या स्वयंसेवकांनी काम पुढे नेलं. आर्थिक व्यवहारांसाठी नमफोकस ही अमेरिकेतली ना-नफा संस्था तिच्या पाठीशी आहे.

परवाना पायथनच्या परवान्याच्या धर्तीवरचा, अगदी मोकळा आहे. महाविद्यालयात, सरकारी कामात, विकायच्या सॉफ्टवेअरमध्येही वापरता येतं, कुणाची परवानगी लागत नाही.

कोकणातल्या कामासाठी यातली कोणती पॅकेजं उपयोगी पडतात?

कामावर अवलंबून आहे. भारतीय हवामान विभाग पावसाची चौकडीवार माहिती ०.२५ अंशांच्या जाळीत देतो आणि ती १९०१ पासूनची आहे. ती उतरवून एक्सॲरेच्या रूपात हातात देणारं आयएमडीलिब नावाचं छोटं पॅकेज आहे. पण एक लक्षात ठेवा: ०.२५ अंश म्हणजे साधारण २७ किलोमीटर. कोकणची पट्टी बऱ्याच ठिकाणी अशा जेमतेम दोन चौकड्यांएवढी रुंद आहे, म्हणून एकाच चौकडीत किनारा आणि घाटमाथा दोन्ही येऊ शकतात. तसा नकाशा काढून चिपळूण आणि घाटमाथ्यावरचं हेळवाक यांची तुलना करू नये.

भरती-ओहोटीसाठी यूटाइड आहे. ते पाण्याच्या उंचीच्या नोंदीतून चंद्र-सूर्याचे घटक वेगळे काढतं. आपल्याकडे सर्वांत जोरदार घटक चंद्राचा, १२.४२ तासांचा, आणि त्याच्याबरोबर सूर्याचा १२ तासांचा. हे दोन्ही एका दिशेने आले की उधाण आणि एकमेकांना काटले की भांग. महिनाभराचा आलेख काढला तर हे चढउतार इतके स्वच्छ दिसतात की विद्यार्थ्यांना वेगळं समजवावं लागत नाही. मुंबईपासून दक्षिणेला येत गेलं की भरतीची उंची कमी होत जाते, तेही दोन बंदरांचे आलेख एकाच मोजपट्टीवर काढले की लगेच कळतं.

नॉर्वेच्या हवामान संस्थेने बनवलेलं ओपनड्रिफ्ट मला कोकणासाठी फार मोलाचं वाटतं. समुद्रात सांडलेलं तेल, भरकटलेली होडी किंवा माशांची अंडी प्रवाहाबरोबर कुठे जातील याचा ते अंदाज काढतं आणि नकाशे मॅटप्लॉटलिब व कार्टोपीकडून काढून घेतं. पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या पुळणींवर डांबरगोळे येतात. त्यांचा माग काढायचा अभ्यास एखाद्या महाविद्यालयाने हाती घ्यावा असं मनापासून वाटतं.

आणि अलिबाग. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू आहेत. १८५९ च्या सप्टेंबरातल्या प्रचंड सौर वादळाची कुलाब्याची नोंद, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकातली सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (हे त्या क्षेत्राचं एकक) घसरण, आजही जगभर अभ्यासली जाते. १० आणि ११ मे २०२४ चं सौर वादळ आणि त्याच्या आधीचा एखादा शांत दिवस एकावर एक मांडून पाहा. रायगड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला यापेक्षा जवळचा विषय कुठे मिळणार?

गेल्या वर्षी चाललेला कोड या वर्षी एरर देतो. मी काहीच बदललं नाही. असं का?

तुम्ही बदललं नाही, पण खालचा आधार बदलला. मॅटप्लॉटलिबची पद्धत अशी: एखादी आज्ञा काढून टाकायची असली तर आधी निदान दोन आवृत्त्या ती चालू ठेवायची आणि वापरणाऱ्याला सूचना दाखवायची. सूचना येत असते, आपण ती वाचत नाही. मग एके दिवशी आज्ञा जाते.

नेहमी भेटणारी काही उदाहरणं. रंगपट्टी नावाने मागवायची 'सीएम'मधली जुनी 'गेट-सीमॅप' आज्ञा मॅटप्लॉटलिबच्या ३.७ या आवृत्तीमध्ये निवृत्तीच्या यादीत गेली आणि ३.९ मध्ये काढली गेली, त्या वेळी कितीतरी छोटी वैज्ञानिक पॅकेजं एकदम अडली. आता 'कलरमॅप्स' या संग्रहातून रंगपट्टी घ्यायची. 'सीबॉर्न' नावाच्या तयार शैलींची नावं ३.६ मध्ये बदलली. तारखा आकड्यांत साठवण्याची सुरुवात ३.३ मध्ये इसवी सन १ वरून १ जानेवारी १९७० वर आणली गेली, त्यामुळे कुणी जुने आकडे फाइलमध्ये जपून ठेवले असतील तर आलेखावरची तारीख भलतीच येते. जून २०२४ मध्ये आकडेमोडीची मूळ लायब्ररी नमपाय हिची २.० आवृत्ती आली तेव्हा जुन्या नमपायसाठी बांधलेलं मॅटप्लॉटलिब सुरूच होईना. तिथे दोष कुणाचा नव्हता, दोन्ही एकत्र अद्ययावत करायची होती.

एरर आली की आधी तिची शेवटची ओळ वाचा, मग वरच्या ओळींमध्ये कोणत्या पॅकेजचं नाव येतंय ते पाहा. चूक तुमच्या फाइलमध्ये आहे, मधल्या पॅकेजमध्ये आहे की मॅटप्लॉटलिबमध्ये, हे तिथेच कळतं. मधल्या पॅकेजमध्ये असेल तर बहुधा त्याची नवी आवृत्ती निघालेली असते.

मग एक आवृत्ती पक्की धरून ठेवावी का?

प्रबंध, अहवाल, शोधनिबंध यांसाठी हो. ज्या आवृत्त्यांवर आकृत्या काढल्या त्यांची फाइल कोडसोबतच ठेवा. दोन वर्षांनी परीक्षकाने आकृती पुन्हा मागितली तर तीच निघाली पाहिजे.

इतरांनी वापरायचं पॅकेज तुम्ही बनवत असाल तर मात्र नाही. 'याच्यापुढचं मॅटप्लॉटलिब चालणार नाही' अशी वरची मर्यादा घातली की दुसऱ्या पॅकेजशी तिचा खटका उडतो आणि बिचाऱ्या वापरणाऱ्याला दोन्ही एकत्र बसवताच येत नाहीत. खालची मर्यादा सांगा, वरची मोकळी ठेवा आणि चाचण्या चालवताना निवृत्तीच्या सूचनांना एरर मानायला लावा. म्हणजे तुम्हाला आधी कळेल, वापरणाऱ्याला नंतर. किती जुन्या आवृत्त्या सांभाळायच्या याचाही वैज्ञानिक पायथनच्या मंडळींनी संकेत ठरवला आहे: पायथनची आवृत्ती तीन वर्षं, मूळ पॅकेजांची दोन वर्षं.

आमच्या विभागासाठी आम्ही छोटं पॅकेज लिहितो आहोत. त्यात आलेखाचा भाग कसा लिहावा?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला विशेष कौतुक वाटतं, कारण इथली शिस्त पुढच्या सगळ्यांचा वेळ वाचवते.

पहिली गोष्ट, आलेख काढणाऱ्या प्रत्येक फंक्शनने चौकट बाहेरून स्वीकारावी. वापरणाऱ्याने चौकट दिली तर तिच्यातच काढा, दिली नाही तर नवी बनवा, आणि काम झाल्यावर ती परत द्या. असं केलं तरच हर्णै आणि देवगड यांच्या भरतीचे आलेख कुणाला एकाखाली एक लावता येतील. फंक्शन स्वतःच नवं चित्र उघडत असेल तर ते शक्य नाही.

फंक्शनच्या आत 'शो' ही आज्ञा लिहू नका. चित्र कधी दाखवायचं हे वापरणाऱ्याने ठरवायचं. त्याला कदाचित दाखवायचंच नसेल, रात्री शंभर फायलींची चित्रं साठवायची असतील.

पॅकेज इम्पोर्ट होताच फॉन्ट, रंग, अक्षरांचा आकार अशा सर्वसाधारण सेटिंग्ज बदलणं हा तर सरळ दुसऱ्याच्या घरात जाऊन सामान हलवण्याचा प्रकार आहे. वापरणाऱ्याचे बाकीचे सगळे आलेखही त्याने बदलतात आणि कारण त्याला सापडत नाही. तुमची शैली वेगळ्या फाइलमध्ये द्या, हवी असेल त्याने ती लावावी. तात्पुरता बदल करायचाच असेल तर त्या एका आलेखापुरता करण्याची सोय लायब्ररीत आहे.

तुमच्या पॅकेजचं मुख्य काम गणिताचं असेल आणि आलेख ही जोड असेल, तर मॅटप्लॉटलिब ऐच्छिक ठेवा आणि आलेखाच्या फंक्शनच्या आतच ते इम्पोर्ट करा. सायकिट-लर्न, पांडाज, एक्सॲरे हेच करतात. गणित सर्व्हरवर चालवणाऱ्याला आलेखाची लायब्ररी बसवण्याची सक्ती कशाला?

वेबसाइटसाठी चित्रं तयार करत असाल तर पायप्लॉट (मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा सोप्या आज्ञांचा भाग) टाळा. ते उघडलेलं प्रत्येक चित्र बंद करेपर्यंत स्मृतीत धरून ठेवतं आणि वीसपेक्षा जास्त झाली की इशारा देतं. 'फिगर' (पूर्ण चित्राची वस्तू) थेट बनवा, फाइलमध्ये साठवा, सोडून द्या. एकाच वेळी अनेक थ्रेडमधून आलेख काढणंही सुरक्षित नाही, हे मदतपानांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

आलेख बरोबर आला की नाही याची आपोआप चाचणी घेता येते?

येते. पायटेस्ट-एमपीएल नावाचं साधन आहे. बरोबर असलेलं चित्र एकदा साठवायचं, पुढे प्रत्येक बदलानंतर नवं चित्र त्याच्याशी ताडून पाहायचं. फरक ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की चाचणी नापास.

अडचण अक्षरांची येते. अक्षरं रंगवणाऱ्या फ्रीटाइप या लायब्ररीची आवृत्ती बदलली की अक्षरांच्या कडा किंचित सरकतात आणि आलेख बरोबर असूनही चाचणी कोसळते. मॅटप्लॉटलिबने स्वतःच्या चाचण्यांसाठी वर्षानुवर्षं फ्रीटाइप २.६.१ धरून ठेवलं ते याचमुळे. म्हणून चित्रांच्या तुलनेतून शीर्षकं आणि खुणांची अक्षरं काढून टाका. तशी सोय त्या साधनात आहे. मी तर सांगेन, चित्रं मोजकीच ठेवा. रेघेत किती बिंदू आहेत, अक्षाच्या मर्यादा काय आहेत, नाव काय आहे हे चौकटीलाच विचारता येतं आणि ती चाचणी फ्रीटाइपमुळे मोडत नाही.

मराठीत नावं लिहिली की चौकोन येतात. फॉन्ट घातला तर 'सिंधुदुर्ग' विस्कटलेलं दिसतं. उपाय काय?

या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्या वेगळ्याच सोडवायला लागतात.

चौकोन येतात कारण मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा फॉन्ट, डेजाव्हू सान्स, यात देवनागरी नाही. 'नोटो सान्स देवनागरी' किंवा 'मुक्त' (Mukta) यांच्यासारखा फॉन्ट बसवा आणि सेटिंगमध्ये त्याचं नाव द्या. ३.६ पासून फॉन्टांची यादी देता येते: एकात अक्षर नसेल तर पुढच्यात शोधलं जातं. म्हणजे इंग्रजी आणि मराठी एकाच आलेखात नांदू शकतात.

दुसरी अडचण खोलातली आहे. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनानंतर साठवली जाते आणि दिसताना आधी येते. जोडाक्षरं, रफार, रकार हे सगळं फॉन्टमधल्या नियमांनी जुळवावं लागतं. मॅटप्लॉटलिबचा वर्षानुवर्षांचा चित्रकार, ॲग, ही जुळणी करत आला नाही. तो अक्षरं साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक मांडतो. म्हणून 'सिंधुदुर्ग' मधली वेलांटी स च्या पुढे जाते आणि रफाराच्या जागी पाय मोडलेला र दिसतो. मुख्य लायब्ररीतच ही जुळणी आणण्याचं काम हाती घेतलेलं आहे. तुमच्या आवृत्तीत ते आलं का, हे पाहण्यासाठी 'सिंधुदुर्ग' आणि 'रत्नागिरी' ही दोन नावं लिहून चित्र काढा, लगेच कळेल.

तोवर तीन वाटा आहेत. सगळ्यांत सोपी एसव्हीजीची (रेषा आणि मजकुराच्या रूपात चित्र साठवणारा फाइलप्रकार). साठवताना एसव्हीजीच्या फॉन्टचा प्रकार 'नन' ठेवला की मॅटप्लॉटलिब अक्षरांची चित्रं न करता मजकूर तसाच फाइलमध्ये सोडतं आणि जुळणीचं काम ब्राउझर करतो, तेही बिनचूक. पाहणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट हवा एवढीच अट. छपाईसाठी इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पीडीएफ करून घ्या. दुसरी वाट एमपीएलकैरो या पर्यायी चित्रकाराची. तो राक्म या लायब्ररीच्या मदतीने जोडाक्षरं नीट जुळवतो. बसवायला थोडी खटपट आहे. तिसरी वाट ज्यांच्याकडे लाटेक हे छपाईची मांडणी करणारं सॉफ्टवेअर आहे त्यांची: पीजीएफ पद्धतीने साठवा आणि अक्षरं त्याच्या झीलाटेक या रूपाकडून करून घ्या. प्रबंधासाठी मला ही सर्वांत देखणी वाटते.

एक छोटी सोय लक्षात ठेवण्यासारखी. देवनागरी आकड्यांना कसलीच जुळणी लागत नाही. अक्षावरचे आकडे ०, ५०, १०० असे देवनागरीत आणणारं फंक्शन दोन ओळींचं आहे आणि ते साध्या ॲगवरही स्वच्छ दिसतं. 'पाऊस', 'भरती', 'ओहोटी' हे शब्दही बिनधोक येतात. 'मिमी', 'पर्जन्यमान', 'सप्टेंबर' मोडतात.

हा खटाटोप करावा का, असंही विचारलं जातं. करावा. लाटांच्या उंचीचा किंवा वाऱ्याचा आलेख रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर, मच्छीमार सोसायटीच्या फलकावर लागायचा असेल तर तो तिथल्या माणसाला वाचता आला पाहिजे. दर्यावर जाणारा माणूस वारा-पाण्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त जाणतो. आलेख त्याच्या भाषेत असला तर तो त्यातली चूकही दाखवून देईल, आणि अभ्यासाला त्याहून मोठी मदत नाही.

नकाशात कोकणचा किनारा जवळजवळ सरळ रेघ दिसतो. खाड्या कुठे गेल्या?

कार्टोपी नॅचरल अर्थ या मोफत नकाशासंचाचा किनारा वापरतं आणि सांगितलं नाही तर मोठ्या भागाच्या नकाशाला ढोबळ प्रमाण निवडलं जातं. सर्वांत ढोबळ प्रमाण ११ कोटींना एक असं आहे, त्यात दाभोळ, जयगड, विजयदुर्ग काहीच उरत नाही. एक कोटीला एक हे त्यातलं सर्वांत बारीक प्रमाण मागा. खाडीचं काम असेल तर तेही अपुरं पडतं. जीएसएचएचजी या जागतिक किनारासंचाचा पूर्ण तपशिलाचा किनारा कार्टोपीतून घेता येतो, नाहीतर स्वतःची शेपफाइल (नकाशाच्या आकारांची फाइल) जिओपांडाजने वर चढवा.

बिंदू भलत्याच जागी पडत असतील तर ९० टक्के वेळा नव्हे, जवळजवळ नेहमीच कारण एकच: माहिती अक्षांश-रेखांशात आहे हे 'ट्रान्सफॉर्म' देऊन सांगायचं राहिलेलं असतं.

आणि देशाच्या सीमा. नॅचरल अर्थ प्रत्यक्ष ताब्यानुसार सीमा दाखवतं, त्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या अधिकृत सीमांशी जुळत नाहीत. अधिकृत नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं आपल्या कायद्याने गुन्हा आहे. संपूर्ण भारत दाखवायचा असेल तर सर्वेक्षण विभागाची सीमा घ्या. अरबी समुद्राचा नकाशा असेल तर फक्त किनारा काढा, सीमांचा थर लावूच नका.

पावसाच्या नकाशाला कोणते रंग वापरावेत?

इंद्रधनुष्यी 'जेट' वापरू नका. त्यात पिवळ्या आणि निळसर पट्ट्या अधिक उजळ दिसतात, त्यामुळे जिथे माहितीत काहीच उडी नाही तिथे डोळ्याला कडा दिसते. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांना तर तो नकाशा निरुपयोगीच. जानेवारी २०१७ च्या २.० आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबने स्वतःच जेट सोडून व्हिरिडिस ही रंगपट्टी नेहमीची केली. ती कृष्णधवल झेरॉक्समध्येही वाचता येते. समुद्राचं तापमान, क्षारता, खोली यांसाठी सीमोशन नावाचा रंगपट्ट्यांचा संच आहे, तो जरूर पाहा.

पावसासाठी मात्र माझं मत वेगळं आहे. सलग रंगांपेक्षा टप्पे दाखवा, आणि टप्पे हवामान विभागाचेच घ्या: २४ तासांत ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. रंगांचे टप्पे पाडणाऱ्या 'बाउंडरी-नॉर्म' ला हे आकडे दिले की झालं. लोक इशारे याच शब्दांत ऐकतात, नकाशाही त्याच भाषेत बोलला पाहिजे. सरासरीपेक्षा कमी-जास्त पाऊस दाखवताना दोन्ही बाजूंना वेगळे रंग असलेली पट्टी घ्या आणि मधला फिका रंग शून्यावरच ठेवा.

माझ्या आलेखात भरतीच्या वेळी ओहोटी दिसते. डेटा तर तपासला आहे.

वेळेचा घोळ आहे. मॅटप्लॉटलिबला टाइमझोन न लावलेली वेळ मिळाली की ते ती यूटीसी (जागतिक वेळ) समजतं. आपली वेळ साडेपाच तास पुढे. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं लागतात, म्हणून साडेपाच तासांची चूक झाली की आलेख जवळजवळ उलटाच होतो. आणि उलटा आलेखही दिसायला तितकाच सुबक असतो, म्हणून ही चूक धोक्याची आहे. होडी कधी बाहेर काढायची हे कुणी त्यावर ठरवलं तर?

उलट प्रकारही होतो. माहिती आधीच भारतीय वेळेत असते, तिला टाइमझोन लावलेला नसतो, आणि सेटिंगमध्ये 'एशिया/कोलकाता' दिलं जातं. मग साडेपाच तास दोनदा मिळवले जातात. उपाय एकच: माहिती वाचल्याबरोबर तिला टाइमझोन चिकटवा आणि अक्षावर 'भारतीय प्रमाणवेळ' किंवा 'यूटीसी' असं लिहाच. अलिबागच्या चुंबकीय नोंदी जागतिक वेळेत असतात, हेही ध्यानात असू द्या.

रोजच्या पावसालाही हे लागू आहे. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे यूटीसी ३ वाजता. २२ जुलै २०२१ च्या नावावर नोंदलेला पाऊस हा २१ च्या सकाळी साडेआठपासूनचा. चिपळूणच्या पुराचा ताशी पाणीपातळीशी मेळ घालताना स्तंभ मध्यरात्रीपासून काढला तर पाऊस आणि पूर यांचा क्रमच बिघडतो.

पावसाळ्यात नेट जातं, वीजही जाते. काम कसं चालू ठेवायचं?

मॅटप्लॉटलिबला चालायला नेट लागत नाही. कार्टोपीला मात्र पहिल्यांदा किनारा उतरवायला लागतं आणि बरेच जण तिथेच अडकतात. मे महिन्यातच हवे ते नकाशे एकदा काढून घ्या, फायली संगणकावर राहतात. पॅकेजं पुरवणाऱ्या कॉन्डा-फोर्जवर हा डेटा वेगळ्या पॅकेजमध्येही मिळतो. पॅकेजं बसवणाऱ्या पिप या साधनाने सगळी पॅकेजं आधी एका फोल्डरमध्ये उतरवून पेनड्राइव्हवरून प्रयोगशाळेतल्या बाकीच्या संगणकांवर बसवता येतात.

शोधनिबंधात उल्लेख कसा करायचा?

जॉन हंटर यांचा २००७ चा लेख, 'कॉम्प्युटिंग इन सायन्स अँड इंजिनीअरिंग', खंड ९, अंक ३, पानं ९० ते ९५. शिवाय वापरलेल्या आवृत्तीचा झेनोडो या संग्रहावरचा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक). कार्टोपी, एक्सॲरे, मेटपाय वापरलं असेल तर त्यांचाही. ही फक्त सौजन्याची बाब नाही. अनुदान मागताना या प्रकल्पांना आपला उपयोग दाखवावा लागतो आणि उल्लेख हाच त्यांचा पुरावा असतो. २०१९ मध्ये चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्हचं अनुदान मॅटप्लॉटलिबला मिळालं, पण रोजचं पुष्कळसं काम अजूनही लोक आपला वेळ काढून करतात.

आम्हाला परतफेड करायची आहे, पण आमचं पायथन जेमतेम आहे.

पुरेसं आहे. चूक सापडली तर ती दाखवणारा कमीत कमी ओळींचा कोड बनवा: तुमच्या फायलींशिवाय चालणारा, पाच-दहा बनावट आकड्यांवर. आवृत्त्या लिहा, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं ते लिहा. त्याआधी तीच चूक कुणी नोंदवली आहे का ते शोधा. पांडाज किंवा कार्टोपीच्या आज्ञेतून चूक येत असेल तर तोच आलेख थेट मॅटप्लॉटलिबने काढून पाहा. तिथे नीट आला तर नोंद मधल्या पॅकेजकडे करायची.

आपण सर्वांत जास्त उपयोगी पडू ते देवनागरीच्या बाबतीत. ही लायब्ररी सांभाळणाऱ्या फार थोड्या लोकांना 'किनाऱ्यावर' मधला ऱ्य किंवा 'क्षारता' मधला क्ष कसा दिसायला हवा हे डोळ्यांनी कळतं. नव्या आवृत्तीच्या चाचणीप्रती बाहेर येतात तेव्हा त्या वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (नेहमीच्या कामापासून अलग ठेवलेल्या पायथनमध्ये) बसवा, आपल्या तालुक्यांची नावं अक्षावर लिहून पाहा आणि बिघडलेलं चित्र व बरोबर चित्र शेजारी ठेवून कळवा. गुहागर, कणकवली सरळ येतात. चिपळूण, संगमेश्वर, वेंगुर्ले, दोडामार्ग, श्रीवर्धन यांपासून सुरुवात करा: यांत ऱ्हस्व वेलांटी नाहीतर जोडाक्षर आहेच, आणि वेंगुर्ले, दोडामार्ग व श्रीवर्धनमध्ये रफारही आहे.